जांभळ्या रंगाची अट

पहिल्या दिवशी चहा हिरवा झाला.

रईसाने काचेचा ग्लास खिडकीशी नेऊन उजेडात धरला. हिरवाच होता, वर थोडी निळसर झाक. हौदाला शेवाळ धरलं की पाणी दिसतं तसा. आदल्याच दिवशी तिने शेजारच्या सुलक्षणाताईंच्या घरी हाच चहा घेतला होता. तीच गोकर्णीची निळी फुलं, तसंच उकळतं पाणी, आल्याचा तुकडा, वरून लिंबू. तिथे लिंबाचे थेंब पडताच निळं पाणी डोळ्यांदेखत जांभळं झालं होतं. इथे तिने चार थेंब टाकले, मग अजून दोन. काही झालं नाही.

तरी ती ग्लास घेऊन ओट्यावर गेली. तिचे सासरे नासीरनाना उजवा पाय स्टुलावर टाकून खुर्चीत बसले होते आणि रस्ता बघत होते.

"अब्बा, घ्या."

त्यांनी ग्लास हातात घेतला नाही. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, मान जरा वाकडी केली आणि म्हणाले, "हा अंगूरी आहे. अंगूरीत थोडा फिरोजी. आपलं ठरलं होतं जामुनीचं."

"आजचा दिवस घ्या ना. उद्या जमेल."

"उद्या जमला की उद्या घेईन."

नासीरनाना रंगारी होते. अमळनेरच्या बाजारात चाळीस वर्षं त्यांचं मॅचिंगचं दुकान होतं. बाया ब्लाउजच्या कापडाचा बोटभर तुकडा घेऊन यायच्या आणि त्या रंगाची ओढणी, फॉल, अस्तर रंगवून न्यायच्या. नाना तुकडा एकदा बघायचे, तीन-चार डब्यांतून चिमटीचिमटीने पूड उकळत्या पातेल्यात टाकायचे, आणि ओढणी वाळून आली की तुकडा तिच्यावर ठेवला तरी सापडू नये असा रंग यायचा. पुढे तयार सेटमध्येच जुळवलेली ओढणी येऊ लागली. गिऱ्हाईक कमी होत गेलं आणि सहा वर्षांपूर्वी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. तेव्हापासून त्यांना दोनच कामं होती, ओट्यावर बसणं आणि चहा पिणं. दिवसाला आठ कप. दुधाचा, दोन-दोन चमचे साखर घातलेला.

श्रावणात त्यांच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली आणि जखम दोन महिने भरेना. शेवटी धुळ्याला डॉक्टरांकडे नेलं. साखरेचा आकडा बघून डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. औषधं दिली आणि म्हणाले, "दुधा-साखरेचा चहा बंद. नाहीतर बोट वाचायचं नाही, चाचा."

त्या वेळी नानांचा मुलगा शेहजादही सोबत होता. तो धुळ्यात यंत्रमागांचा मेकॅनिक होता, तिथेच खोली घेऊन राहायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. एसटी स्टँडवर दोघांना सोडताना तो बायकोला म्हणाला, "रईसा, अब्बांच्या चहाचं तेवढं तू बघ." एवढं बोलून त्याने मोटरसायकलला किक मारली. रईसा गर्दीत पिशव्या सांभाळत उभी राहिली. त्याने तिला किती मोठं काम सांगितलं होतं, ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

तिने बिनसाखरेचा चहा करून पाहिला. नानांनी एक घोट घेतला आणि कप ओट्याखाली रिकामा केला. कोरा चहा दिला, तर म्हणाले, "हा आजाऱ्याचा आहे." तुळशीचा दिला, गवती चहाचा दिला. प्रत्येक वेळी एक घोट आणि ओट्याखाली. ओट्याच्या कडेला मुंग्यांची रांग लागली ती हटेना. मग सुलक्षणाताईंच्या घरचा तो चहा पाहून तिला आशा वाटली. माणूस रंगाचा होता, रंगाने तरी भुलेल.

"निळा असेल तर मला दाखवूसुद्धा नको," नाना म्हणाले होते. "कपड्याला घालायची नीळ मी पिऊ?"

"निळा नाही राहत, अब्बा. लिंबू पिळलं की जांभळा होतो."

"जांभळा म्हणजे कोणता? कासनी, बैंगनी, की जामुनी?"

"पिकलेल्या जांभळासारखा."

नानांनी थोडा विचार केला. मग शेहजादसमोरच म्हणाले, "चल, ठरलं. पक्का जामुनी कर. फिकट नको, मळका नको, लालसर नको. तसा रंग आणलास तर रोज तोच पिईन. जबान देतो."

शेहजाद हसला होता. रईसालाही त्या वेळी वाटलं होतं, एवढंच ना?

दुसऱ्या दिवशी तिने फुलं दुप्पट घातली. रंग दौतीतल्या शाईसारखा झाला. तिसऱ्या दिवशी वैतागून अर्धं लिंबू पिळलं, तर सगळा चहा एकदम गुलाबी पडला. "रानी," नाना म्हणाले. "लग्नाच्या ओढणीला चांगला. प्यायला नाही." चौथ्या दिवशी तिने फुलं बराच वेळ उकळली. त्या दिवशी नानांनी ग्लासाकडे बघून नुसताच हात हलवला. त्या रंगाला त्यांच्याकडेही नाव नव्हतं.

खरी अडचण फुलांची होती. गोकर्णीचा वेल सुलक्षणाताईंच्या कंपाउंडवर होता, पण त्यावर राज्य त्यांच्या सासूचं होतं. मंजुळाअक्का सकाळी आंघोळ करून परडी घेऊन निघायच्या आणि एकेक फूल मोजल्यासारखं तोडायच्या. रईसा फाटकाशी वाटी घेऊन उभी राहायची.

"पहिले देवले, मंग तुले," अक्का म्हणायच्या. "बठ्ठा फुले तू लई गयी तं देवले काय वाहू?"

सगळी फुलं काही मिळत नसत; देवाचं झालं की दहा-बारा वाटीत पडत. त्यांत एकदाच चहा होई. तो बिघडला की दुसऱ्या सकाळपर्यंत थांबायचं. त्यात दिवाळी जवळ आलेली. रईसा घरी शिवणकाम करायची आणि तिच्या मशीनशेजारी ब्लाउजांचा ढीग गुडघ्याएवढा झाला होता. दर तासाला कोणीतरी दारात येऊन विचारायचं, "झाला का गं माझा?" आणि ती सकाळचा चांगला उजेड चहाच्या पातेल्यापुढे घालवत होती.

आठव्या दिवशी तिने सुलक्षणाताईंना पुन्हा एकदा चहा करायला लावला आणि शेजारी उभं राहून त्यांचे हात बघितले. गॅसवर पाणी आधीच उकळत होतं. ताईंनी फुलं टाकली, झाकण ठेवलं, गाळलं, लिंबू पिळलं. जांभळा!

"यात काय आहे, रईसाभाभी?" ताई म्हणाल्या. "लहान पोरसुद्धा करेल."

रईसाला ते लागलं. तिने त्यांचं पातेलंच मागून घेतलं. कदाचित आपल्या जर्मनच्या पातेल्याचा दोष असेल. दुसऱ्या दिवशी त्या पातेल्यात, त्यांच्याच झाडाच्या लिंबाने तिने चहा केला. हिरवा झाला.

"ताईंच्या घरी होतो आणि माझ्याच घरी का होत नाही?" ती नानांना म्हणाली. खरं तर ती स्वतःशीच बोलत होती.

नाना रस्त्याकडे बघत म्हणाले, "हाताचा गुण असतो एकेकाच्या."

त्या दिवशी तिने तीन ब्लाउजांना बाह्या उलट्या लावल्या आणि संध्याकाळी त्या उसवत बसली.

एवढं सगळं चालू असताना एक समाधान होतं. नाना घरात दुधाचा चहा मागत नव्हते. रईसाने साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला होता, तर त्यांनी त्याची चौकशीही केली नव्हती. पण बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर मोजायच्या मशीनवर बघितला की साखरेचा आकडा जिथल्या तिथे. तिला कळेना. जेवण मोजून, गोळ्या वेळेवर, चहा नाही, मग साखर येते कुठून?

तेराव्या दिवशी ते कळलं. दुपारी चारच्या सुमारास ती शिवलेले ब्लाउज पोचवायला बाजारात निघाली होती. नाना त्या आधीच असरच्या नमाजला म्हणून गेले होते. रोजच जात. तिने एक-दोनदा म्हटलंही होतं, पाय दुखतो तर घरीच पढा. ते म्हणाले होते, चाललं की बरं वाटतं. मशिदीपासून थोड्या अंतरावर सुपडूची चहाची टपरी होती. टपरीच्या बाकावर नाना बसले होते. दुखरा पाय पुढे पसरलेला, बशीत ओतलेला दाट चहा, आणि डोळे मिटून चाललेली फुंकर. शेजारी एक रिकामा कप होता. तोही त्यांचाच होता.

रईसा टपरीसमोर जाऊन उभी राहिली. बाकावरचे दोघे-तिघे बोलायचे थांबले.

"सुपडूभाऊ," ती म्हणाली, "यांना चहा देऊ नका. यांच्या पायाचं बोट जाईल."

सुपडू ओशाळला. हातातलं गाळणं तसंच धरून म्हणाला, "वहिनी, नाना मांगतस. त्यासले नही कसं म्हनू मी?"

"किती कप होतात रोज?"

सुपडूने नानांकडे बघितलं. नाना बशीकडे बघत होते. "चार," सुपडू पुटपुटला. "कधी पाच."

तिला तिथेच बसून रडावंसं वाटलं. पण हातात लोकांचे ब्लाउज होते. ती वळली आणि चालू लागली.

नाना घरी आले ते तिच्याशी न बोलताच आत गेले. संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजनंतर तिने ताट वाढलं. ते जेवले नाहीत. "बाजारात चाळीस वर्षं मान खाली घातली नव्हती," एवढंच भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

थोड्या वेळाने शेहजादचा फोन आला.

"अब्बांचा फोन आला होता. काय केलंस तू टपरीवर? चारचौघांत बोलायची काय गरज होती?"

"मग कुठे बोलायचं होतं? घरात ते चहा पीतच नाहीत."

"अगं, गोडीने घ्यायचं म्हातारं माणूस. तुझं ते फुलांचं काय झालं? तेवढं जमव ना एकदाचं."

रईसाच्या हातात कात्री होती. तिने ती मशीनवर ठेवली. "तुम्ही या," ती म्हणाली. "सुट्टी घ्या आणि या. अक्कांच्या फाटकाशी वाटी घेऊन उभे राहा. चहा करा, अब्बांना दाखवा, त्यांनी त्याला काय नाव दिलं ते ऐका. मग टपरीवर जाऊन त्यांच्यासमोरची बशी उचला. आणि हे सगळं गोडीने करा. मी धुळ्याला येऊन तुमचे माग बघते."

मग शेहजाद म्हणाला, "बरं, अंगठा कसा आहे?"

"तसाच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नंतरचे दोन दिवस तिने गोकर्णीचं नावच काढलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाअक्का स्वतःच दारात आल्या. टपरीवरची गोष्ट एव्हाना गल्लीभर झाली असणार. त्यांनी पदराखालून केळीच्या पानाचा पुडा काढला.

"ले. आज देवले दोनच फुले. बठ्ठा तुले."

पुड्यात बावीस-पंचवीस फुलं होती. रईसाला अक्कांसमोर नाही म्हणवेना. तिने पाणी ठेवलं. मनातून ती इतकी थकली होती की फुलांचे देठसुद्धा काढले नाहीत, मूठभर फुलं तशीच पातेल्यात टाकली. उकळू दिलं. गाळलं. लिंबू पिळताना क्षणभर कडेला जांभळी रेघ उमटली. तिने चमचा फिरवला. रेघ विरली आणि ग्लासात धुण्याच्या बादलीसारखं पाणी उरलं.

तिने ग्लास मोरीत रिकामा केला. मग पातेलंही मोरीत आपटलं. सुलक्षणाताईंचं होतं, त्याला पोचा पडला.

"फुलं वाया घालवतेस," मागून आवाज आला.

नाना स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. दोन दिवसांत ते तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"अब्बा, आज तुम्ही काही बोलू नका."

"पाणी बदल."

"काय?"

"पाणी बदल म्हणतो. आपलं हे बोअरचं पाणी. यात खार आहे. बघ, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो तो. खाऱ्या पाण्यात जामुनी चढत नाही, मरून जातो. दुकानात मी बोअरचा एक थेंब रंगाला लावला नाही कधी. नदीकडच्या विहिरीचं आणायचो, डबे भरून." त्यांनी शेजारच्या भिंतीकडे बोट केलं. "त्यांच्या घरी जारचं पाणी येतं. म्हातारीला मुतखडा आहे ना."

रईसा मोरीपाशी उभी होती. नळ चालूच होता. तिने तो बंद केला.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

नाना पोचा पडलेल्या पातेल्याकडे बघू लागले.

"अब्बा, कधी कळलं? काल? परवा?"

"तू पहिला ग्लास आणलास तेव्हाच," ते म्हणाले. आणि मग, खोटं बोलायचा कंटाळा आल्यासारखं, "त्याच्याही आधी. लिंबाने रंग बदलतो म्हणालीस तेव्हाच ओळखलं, हा रंग पाण्यावर चालणारा आहे."

"म्हणजे अट घातली तेव्हाच?"

"हं."

"मला जमणार नाही हे माहीत होतं म्हणून घातली?"

नानांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. "मला वाटलं, चार दिवसांत कंटाळशील."

सोळा दिवस. तिच्या डोळ्यांपुढून ते सगळे एकदम गेले. फाटकाशी उभं राहणं, उसवलेल्या बाह्या, हाताचा गुण असतो एकेकाच्या! ती पाटावर बसली.

"मग आज का सांगितलंत?" तिने विचारलं. एवढ्या वेळात हे एकच तिला समजून घ्यावंसं वाटत होतं. आपली दया आली असेल, पस्तावा झाला असेल.

"बघवेना," नाना म्हणाले. "देठासकट फुलं टाकलीस. अर्धी जळाली, अर्धी कच्ची. असा रंग करतं का कोणी? चांगल्या मालाची माती."

रईसा त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणजे तिच्यासाठी नाहीच. फुलांसाठी.

ती उठली, शेजारी गेली आणि तांब्याभर जारचं पाणी घेऊन आली. पुड्यात उरलेली फुलं नानांसमोर ठेवली, गॅसपाशी स्टूल सरकवलं. "बसा. आता तुम्ही करा."

"मी?"

"तुम्हीच. मला हाताचा गुण नाही."

नाना बसले. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून तिने त्यांना गॅसजवळ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. सुरुवातीला ते नुसतेच फुलांकडे बघत राहिले. मग नखाने एकेक हिरवा देठ खुडू लागले. पाण्याला उकळी आली तसा त्यांनी गॅस बंद करायला लावला, पाणी जरा शांत होऊ दिलं आणि मग फुलं टाकून वर ताटली झाकली. तोवर बोटं गुडघ्यावर वाजवत होते. ताटली काढली तेव्हा पाणी गडद निळं होतं, स्वच्छ, तळ दिसेल असं. लिंबू त्यांनी थेट पिळू दिलं नाही. चमचाभर रस वाटीत पाण्यात मिसळला आणि चमच्याच्या टोकाने थेंब थेंब सोडू लागले. दर दोन थेंबांनंतर थांबून एक ठिपका पांढऱ्या बशीवर टाकून बघत. बशीवर ठिपक्यांची ओळ झाली. निळा, मग फिकट जांभळा कासनी, मग त्याहून गडद.

"बस," ते म्हणाले. "अजून एक टाकला तर लालीकडे जाईल."

त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी उजेडात धरला. पिकलेलं जांभूळ हातात फुटलं की बोटांना जो रंग लागतो, तोच. "जामुनी," नाना म्हणाले. त्यांचा आवाज दुकानातला झाला होता. "ये, बघ इकडे. पक्का आहे की नाही?"

पक्का होता. रईसाला ते कबूल करायचं नव्हतं.

"आता प्या," ती म्हणाली.

नानांचा चेहरा पडला. रंग करण्याच्या नादात ते बहुधा हे विसरलेच होते. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कोमट पाण्यात गवत बुडवल्यासारखं लागतं."

"अट चवीची नव्हती. जबान दिली होती तुम्ही."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, बाहेरच्या ओट्याकडे बघितलं. पण आज ते स्वयंपाकघरात बसले होते आणि रईसा दाराशी उभी होती. त्यांनी अख्खा ग्लास संपवला.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. दुसऱ्या दिवसापासून चहा नानाच करू लागले आणि रईसाच्या डोक्याला नवा ताप झाला. नेमकं तिने पीठ मळायला घ्यावं तेव्हा ते स्टूल घेऊन येत. कट्ट्यावर निळे डाग, कापलेली लिंबं उघडी, सगळ्या बश्या ठिपक्यांनी भरलेल्या. एकदा त्यांनी उरलेल्या पाण्यात एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचं पांढरं अस्तर बुडवून बघितलं. फार सुरेख कासनी रंग आला. नानांनी तो गल्लीत सगळ्यांना दाखवला. दोन दिवसांच्या उन्हात तो उडून गेला आणि अस्तर राखाडी झालं. रईसाला नवं आणून पुन्हा शिवावं लागलं. "पक्का नाही हा रंग," नाना तिलाच समजावून सांगत होते. मंजुळाअक्कांना तर त्यांनी फुलं कोणत्या वेळी तोडावीत तेही शिकवायला सुरुवात केली, आणि दोन म्हाताऱ्यांचं फाटकाशी रोज भांडण होऊ लागलं.

चार वाजता ते टपरीवर जातच होते. पण सुपडूने तिला एकदा हळूच सांगितलं, आता दोन कप, कधी तर एकच. घरचे तर सगळे सुटलेच होते. रईसाने त्यावर समाधान मानायचं ठरवलं आणि तिला ते जमलं नाही. रोज चार वाजले की तिचा हात मशीनच्या चाकावर थांबायचा.

दिवाळीनंतर ते पुन्हा धुळ्याला गेले. शेहजादही आला होता. डॉक्टरांनी अंगठ्याची पट्टी सोडली. जखमेच्या कडा कोरड्या झाल्या होत्या. साखरेचा आकडाही उतरला होता, हवा तेवढा नाही.

"चहा किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक," नाना म्हणाले.

"दोन," रईसा म्हणाली. "दुधाचे. आणि सकाळी हे फुलांचा जांभळा घेतात."

डॉक्टर हसले. "तो जांभळा काही औषध नाही बरं का, चाचा. साखर उतरली ती गोळ्यांनी आणि सहा कप सुटले त्याने. पण त्याच्यामुळे सुटले असतील तर घ्या खुशाल. आणि ते दोनही सोडा."

"बघतो," नाना म्हणाले.

स्टँडवर अमळनेरची गाडी लागायला वेळ होता. ऊन तापलं होतं, बाकावर जागा मिळाली ती अर्धी सावलीत, अर्धी उन्हात. शेहजाद खुशीत होता. "बघ, झालं ना गोडीने!" तो रईसाला म्हणाला आणि समोरच्या चहाच्या गाड्याकडे गेला. परत आला तो तीन कप घेऊन. दाट, दुधाचा, वर साय धरलेला. पहिला कप त्याने अब्बांच्या हातात दिला.

रईसाने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बाप स्टँडवर बसलाय, मुलाने चहा आणला, एवढंच. तिला एकाच वेळी हसू आणि संताप आला.

नानांनी कप नाकाशी नेला. एक घोट घेतला, मग दुसरा. मग कप तसाच हातात धरून ते बराच वेळ समोरच्या एसटी गाड्या बघत राहिले. तिसरा घोट घेण्यासाठी त्यांनी कप ओठांपर्यंत नेलाही. मग त्यांनी सुस्कारा सोडला आणि अर्ध्याहून जास्त भरलेला कप रईसासमोर धरला.

"धर. तुझं तोंड बघवत नाही मला."

"मी काही बोलले का?"

"तेच तर."

शेहजाद दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "काय झालं? गोड कमी आहे का?"

रईसाने कप घेतला. सकाळी सहापासून तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. तिने सासऱ्यांचा तो उष्टा, गोड चहा दोन घोटांत संपवला, मग आपल्या वाट्याचाही घेतला, आणि दोन्ही रिकामे कप शेहजादच्या हातात दिले.

"चहावाल्याला परत देऊन या," ती म्हणाली. "आणि येताना अब्बांना पाण्याची बाटली आणा."